होडीच्या मागील मोटरीचा कल कसा जुळवावा

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. त्यामुळे नांगर, पंप व फवारणी यंत्र यांच्याबरोबरच होडीवरील मोटर हादेखील गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. कोकणातील खाड्यांतून व किनाऱ्यालगतच्या मासेमारीत फायबरच्या लहान होड्यांच्या मागील फळीवर टांगलेली मोटर आज सर्वत्र दृष्टीस पडते. कृष्णा व पंचगंगेच्या काठी २०१९ आणि २०२१ साली आलेल्या महापुरांत हीच मोटर बचावकार्याच्या रबरी होड्यांवर होती. म्हणून केवळ समुद्रकिनाऱ्यावरील नव्हे, तर देशावरील नदीकाठच्या वाचकांनाही या विषयाची माहिती असणे अगत्याचे आहे.

या मोटरीस इंग्रजीत आऊटबोर्ड मोटर म्हणतात. नॉर्वेत जन्मलेल्या व अमेरिकेत मिलवॉकी येथे स्थायिक झालेल्या ओले एविनरूड याने १९०९ साली ती बाजारात आणून लोकप्रिय केली. इंजिन, दांडा, पंखा व सुकाणू ही चारही अंगे तिच्यात एकाच ठिकाणी जोडलेली असतात. ती फळीस दोन पेचांनी आवळावयाची आणि काम झाल्यावर काढून घरी न्यावयाची. हीच तिची सोय आणि हीच तिची अडचणही होय. होडीत कायमचे बसविलेले इंजिन कारागीर एकदा कोन साधून बसवितो व मग तो कोन हलत नाही. मागील मोटरीचा कोन मात्र मालकाच्या हाती असतो, आणि जे मालकाच्या हाती असते ते बहुधा कारखान्यातून आले तसेच पडून राहते.

परिणामी पुष्कळ ठिकाणी एकच तक्रार कानी येते. मोटर पुरेशा ताकदीची आहे, आवाजही खणखणीत आहे, पण होडी पळत नाही आणि पेट्रोल मात्र भराभर संपते. अशा वेळी प्रथम प्लग बदलला जातो, मग कार्ब्युरेटर उघडला जातो, आणि तेवढ्यानेही भागले नाही म्हणजे अधिक अश्वशक्तीच्या मोटरीसाठी कर्जाचा अर्ज तयार होतो. वस्तुतः अशा होड्यांपैकी अनेकांचा दोष मोटरीत नसून मोटर आणि होडी यांच्या एकमेकींशी असलेल्या बैठकीत असतो. तो दूर करण्यास एक पैसाही लागत नाही. अर्ध्या दिवसाची सकाळ मात्र लागते.

शेतकऱ्यास ही गोष्ट नवी वाटू नये. लाकडी नांगराचा इसाड जुवास किंचित पुढे अथवा मागे बांधला की फाळाचा जमिनीशी असलेला कोन बदलतो व नांगर खोल किंवा उथळ चालू लागतो. बैल तेच, नांगर तोच, जमीनही तीच. परंतु ओढीची रेषा चुकली तर बैल दमतात आणि तास नीट पडत नाही. होडीच्या बाबतीत ओढीऐवजी मागून रेटा मिळतो, एवढाच फरक.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करणे इष्ट होईल. होडी चालत असताना मोटरीचा दांडा मागील फळीपासून किती जवळ वा दूर ठेवावयाचा, याला ट्रिम म्हणतात. या लेखात त्यास ‘कल’ म्हटले आहे. पाणी उथळ असता, होडी पुळणीवर ओढावयाची असता किंवा ती नांगरून ठेवली असता संपूर्ण मोटर बिजागरीवर फिरवून पंखा पाण्याबाहेर काढणे याला टिल्ट म्हणतात. त्यास येथे ‘उचल’ म्हटले आहे. (मुकादमाकडून घेतलेल्या उचलीशी तिचा संबंध नाही, परंतु निष्काळजीपणाने घेतल्यास हीही महाग पडते.) कल हा काही अंशांचा बारीक फरक असतो, तर उचल ही मोठी हालचाल असते. या दोहोंची गल्लत होता कामा नये.

कल बदलल्याने काय घडते ते नीट समजून घ्यावे. दांडा सरळ उभा व पंख्याचा आस पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर असेल, तर पंखा पाणी सरळ मागे लोटतो आणि त्याचा सर्व रेटा होडी पुढे नेण्याच्या कामी येतो. दांड्याचे खालचे टोक होडीकडे, म्हणजे आत घेतले, तर पंखा पाणी मागे व थोडे खाली लोटतो. त्यामुळे होडीची पिछाडी उचलली जाते व नाळ खाली दबते. उलट खालचे टोक होडीपासून दूर, म्हणजे बाहेर गेले, तर पाणी मागे व वर फेकले जाते, पिछाडी खाली बसते आणि नाळ आकाशाकडे पाहू लागते.

हा परिणाम किती मोठा असतो, याचा हिशेब करून पाहणे उद्बोधक होईल. समजा, पंखा १०० किलोचा रेटा देत आहे. लहान मोटरीत कल बदलण्यासाठी क्लॅम्पच्या दोन्ही पट्ट्यांना चार-पाच छिद्रे असतात व त्यांतून एक आडवी पिन घातलेली असते. दांडा या पिनेवर टेकतो. पुष्कळ मोटरींत एका छिद्राने सुमारे ४ अंशांचा फरक पडतो. पंख्याचा आस ४ अंशांनी कलता असेल, तर १०० किलोंपैकी सुमारे ७ किलो रेटा पिछाडी वर किंवा खाली ढकलण्यात खर्च होतो. ८ अंशांना हा आकडा १४ किलो व १२ अंशांना जवळजवळ २१ किलो होतो. इतके असूनही पुढे जाण्याच्या रेट्यात १२ अंशांनासुद्धा जेमतेम २ किलोंची घट होते. म्हणजे चुकीच्या कलाने रेटा प्रत्यक्ष वाया जातो तो अल्प. खरे नुकसान होते ते होडीची पाण्यातील बैठक बिघडल्यामुळे. वाकडी बसलेली होडी पाणी कापण्याऐवजी ढकलू लागते, आणि पेट्रोल जाते ते त्या ढकलण्यात.

येथेच एक महत्त्वाची गोष्ट ध्यानी येईल. साठ किलो वजनाचा एक खलाशी पिछाडीकडून दोन मीटर पुढे सरकून बसला, तर होडीच्या बैठकीवर होणारा परिणाम ६० गुणिले २, म्हणजे १२० या मापाचा होतो. मोटर दोन छिद्रे फिरविल्याने मिळणारा १४ किलोंचा जोर होडीच्या मध्यापासून तीन मीटरवर लागला, तरी त्याचे माप ४२ इतकेच भरते. सावकाश चालणाऱ्या मासेमारीच्या होडीत पिनेपेक्षा माणसाची जागा जवळजवळ तिपटीने प्रभावी ठरते, असा याचा अर्थ झाला. म्हणून पिनेला हात लावण्यापूर्वी होडीतील ओझे पाहावे. ज्याने हा क्रम उलटा केला त्याची छिद्रे फिरवता फिरवता सकाळ संपते आणि होडी होती तशीच राहते.

ओझ्याचा विचार करताना बहुतेक होड्यांत एकच चित्र आढळते. मोटर मागे, मोटर चालविणारा तांडेल मागे, पेट्रोलची टाकी नळी पुरावी म्हणून मागे, आणि उठावयास नको म्हणून बर्फाची पेटीही त्याच्याच पायाशी. २५ लिटरच्या टाकीतील नुसत्या पेट्रोलचे वजन सुमारे १८ ते १९ किलो होते. बर्फ व मासळी यांचे वजन त्याहून पुष्कळ अधिक. शिवाय तळात साचलेले पाणी कोणी मोजत नाही. होडी मागे बसली की ते सारे पाणी मागे धावते व तिला आणखी मागे बसविते. तळात चार बादल्या, म्हणजे सुमारे ४० लिटर पाणी असेल, तर ४० किलोंचा एक उतारू फुकट बसविला असे समजावे. आणि हा उतारू लाटेबरोबर जागा बदलतो हे अधिक वाईट. म्हणून मोटर सुरू करण्यापूर्वी पाणी उपसावे, टाकी नळीच्या लांबीइतकी पुढे घ्यावी, पेटी होडीच्या मध्याजवळ बांधून ठेवावी आणि जाळी एका कडेला न टाकता मध्यावर रचावी. उभ्या होडीत हे केल्यावर काठावरून पाहावे. नाळ पिछाडीपेक्षा किंचित उंच, बाजूस कल नाही, अशी बैठक असेल तर ओझे साधले.

ओझ्यानंतर मोटरीची उंची पाहावी. पंख्याच्या वरच्या अंगास एक आडवी पातळ पट्टी असते. ती वरील हवा पंख्याकडे खेचली जाऊ देत नाही. ही पट्टी होडीच्या तळाच्या पातळीस किंवा त्याखाली फार तर २५ मिलिमीटर असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. मोटर त्याहून वर राहिली तर पंखा हवा ओढतो, आवाज एकदम चढतो आणि होडी जागच्या जागी राहिल्यासारखी होते. ती फार खाली गेली तर दांड्याचा जास्त भाग पाण्यात राहून विरोध वाढतो व पाण्याचे तुषार इंजिनाच्या टोपणावर उडतात. लहान मोटरी दोन मापांच्या दांड्यांत मिळतात. एक सुमारे ३८ सेंटीमीटर, म्हणजे १५ इंच उंचीच्या फळीसाठी व दुसरी सुमारे ५१ सेंटीमीटर, म्हणजे २० इंच उंचीच्या फळीसाठी. फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंतचे अंतर मोजल्याखेरीज मोटर खरेदी करू नये. आखूड फळीवर लांब दांड्याची मोटर बसविली असेल, तर फळीवर सागाचा ठोकळा बसवून उंची साधता येते. उंच फळीवर आखूड दांड्याची मोटर बसविली असेल, तर मात्र सुतारास बोलावून फळी कापण्यावाचून गत्यंतर नाही. आणि फळी कापल्यावर मागून येणारी लाट आत येण्याची भीती वाढते, हेही लक्षात ठेवावे.

मागील फळी पूर्ण उभी नसून तिचे वरचे टोक मागे कललेले असावे. बहुतेक मोटरी १२ ते १५ अंशांच्या अशा कलत्या फळीस अनुसरून बनविलेल्या असतात. गावच्या कारागिराने फळी अगदी उभी बसविली असेल, तर पिन सर्वांत आतील छिद्रात घालूनही दांडा बाहेरच राहतो व नाळ खाली येत नाही. अशा वेळी क्लॅम्प व फळी यांच्यामध्ये जाड बाजू वर ठेवून लाकडी पाचर घालावी. फळी प्रमाणाबाहेर कलती असेल तर पाचरेची जाड बाजू खाली यावी. पाचर पक्क्या लाकडाची असावी, ती स्क्रूने अथवा बोल्टने जखडावी व पेच आवळल्यानंतर मोटरीस एक सुरक्षेची साखळी अवश्य बांधावी. पेच ढिले होऊन मोटर समुद्रार्पण होण्याचे प्रकार घडतात, आणि तिच्याबरोबर परत येण्याचे साधनही जाते.

इतके झाल्यावर पिनेकडे वळावे. नवी होडी असो वा जुनी, मधल्या छिद्रापासून आरंभ करणे चांगले. शांत पाणी निवडावे. कोकणात सकाळी वारा सुटण्यापूर्वी, भरती संपून ओहोटी लागण्याच्या मधल्या थांब्यास खाडीत असे पाणी मिळते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात जाऊ लागतात, त्या सुमारास ही चाचणी करून घेतल्यास पुढील हंगामभर लाभ मिळतो. काठावरील दोन खुणांमधील, म्हणजे एखाद्या जेट्टीचे टोक व नारळाचे ठळक झाड यांमधील, अंतर आधी मोजून ठेवावे. ५०० मीटर पुरेसे होते. नेहमीची माणसे व नेहमीचे ओझे होडीत असावे. रिकाम्या होडीवर केलेली चाचणी भरल्या होडीच्या उपयोगी पडत नाही. मोटरीच्या मुठीवर एक खूण करून वेग प्रत्येक वेळी त्या खुणेवरच ठेवावा, म्हणजे इंधनाचा पुरवठा सारखा राहील. मग एकदा जाताना व एकदा येताना वेळ मोजावा. पाण्याच्या ओढीमुळे एका दिशेचा वेळ फसवा असतो. दोहोंची सरासरीच खरी. ताशी १० किलोमीटर वेगाने ५०० मीटरला ३ मिनिटे लागतात, तेव्हा पाच-सात सेकंदांचा फरकही सहज ध्यानात येतो.

यानंतर मोटर बंद करावी, दांडा वर उचलून टेकू लावावा व पिन एक छिद्र बदलावी. चालू मोटरीत पिनेस हात लावणे म्हणजे बोटे गमावण्याची तयारी करणे होय. एका वेळी एकच छिद्र बदलावे व प्रत्येक वेळचे आकडे वहीत टिपावे. स्मरणावर विसंबू नये. तिसऱ्या फेरीनंतर पहिल्या फेरीचे आकडे कोणासही आठवत नाहीत. दोन छिद्रांचा वेळ जवळजवळ सारखाच आला, तर ज्या छिद्रावर मुठीची ओढ कमी जाणवते व तांडेलास नाळेवरून पुढचे पाणी स्वच्छ दिसते, ते पसंत करावे.

वेळेखेरीज डोळ्यांनी व हातांनी कळणारी लक्षणेही आहेत. दांडा फार आत असेल तर नाळ पाण्यात रुतते, नाळेच्या दोन्ही अंगांनी पाण्याची जाड भिंत उठते, समोरच्या लाटेचे पाणी आत येते आणि मूठ जड होते. वेगात असता अशी होडी नाळेवर फिरू पाहते, म्हणजे किंचित वळविली तरी ती एकदम आडवी होते. दांडा फार बाहेर असेल तर पिछाडी पाण्यात बसते, मागे खळखळणारा मोठा खड्डा दिसतो, हलक्या व वेगवान होडीची नाळ दुडक्या घोड्याप्रमाणे वरखाली आपटू लागते, आणि वळताना पंखा हवा ओढतो. कल योग्य असेल तेव्हा मागील पाण्याची रेघ पसरट व शांत असते आणि मोटरीचा आवाज एकसुरी राहतो.

काही मोटरींत त्या आडव्या पट्टीखाली जस्ताचे एक लहान पाते असते. होडी सतत डावीकडे ओढत असेल तर त्याचे मागील टोक डावीकडे, उजवीकडे ओढत असेल तर उजवीकडे फिरवावे. हे पाते खाऱ्या पाण्यात स्वतः झिजून मोटरीचे अन्य धातू वाचविते, म्हणून त्यावर रंग लावू नये. रंगविलेले पाते दिसावयास छान, परंतु निकामी.

आता एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो: उत्तम कल साधल्यावर होडी किती पळावी? याचे उत्तर होडीच्या जातीवर अवलंबून आहे. मासळी व जाळ्यांनी भरलेली जड होडी पाणी बाजूस सारून चालते. तिचा सोयीचा कमाल वेग तिच्या पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो. ही लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळास १.३४ ने गुणिले असता वेग नॉटमध्ये मिळतो. २० फूट लांबीस तो सुमारे ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर येतो. याहून अधिक वेग घेण्याचा प्रयत्न केल्यास होडी स्वतःच उठविलेल्या लाटेच्या चढावर अडकते. मूठ कितीही फिरवा, पेट्रोल दुप्पट जाईल व वेग नाममात्र वाढेल. अशा होडीवर मोठी मोटर बसविणे हा बैलगाडीस रेल्वेचे इंजिन जोडण्याचा प्रकार होय. तिच्यासाठी आस समांतर ठेवावा, बैठक सरळ ठेवावी आणि वेग या मर्यादेच्या थोडा आतच राखावा. सपाट तळाच्या हलक्या होड्या मात्र पुरेशा जोराने पाण्यावर चढून सरकू शकतात. त्यांच्या वजनाच्या मानाने पंख्याचा रेटा मोठा असतो. म्हणून तेथे एका छिद्राचा फरकही चटकन जाणवतो.

रबरी बचाव होडी या दुसऱ्या जातीतील. तिच्यात एकटाच माणूस मागे मुठीपाशी बसून मोटर जोरात सोडतो, तेव्हा नाळ उंच उठते व समोरचा वारा तिच्याखाली शिरतो. जोराच्या वाऱ्यात अशी होडी मागे उलटू शकते. म्हणून पिन आतील छिद्रांत ठेवावी आणि दुसरा माणूस किंवा काही ओझे पुढे ठेवल्यावाचून ती पळवू नये. उलट पूरग्रस्तांना घेताना सगळेजण घाईने पुढील भागात चढतात. मग नाळ दबते व पंखा वर येऊन हवा ओढू लागतो, आणि तोही नेमका प्रवाहाच्या मध्यावर. होडीवर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस अधिक घेऊ नये, आणि घेतलेल्यांना मध्यापासून दोन्हीकडे, तळाशी बसवावे. नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी ही तालीम पावसाळ्यापूर्वी उतारू म्हणून गावातील पोहणारे तरुण घेऊन व सर्वांना जीवरक्षक जाकिटे घालून करावी. पूर आल्यावर ती शिकविण्यास वेळ नसतो.

कल एकदा जुळविला म्हणजे तो कायमचा जुळला, असे मानणे योग्य नव्हे. पहाटे निघताना टाकी भरलेली, पेटीत बर्फ, जाळी कोरडी. परतताना टाकी अर्धी, पेटीत मासळी आणि जाळी भिजून जड. पिन मधल्या तडजोडीच्या छिद्रात ठेवून उरलेला फरक ओझे हलवून काढणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. समुद्रात भरल्या होडीत दांडा उचलून पिन बदलत बसणे धोक्याचे असते.

यात सर्वांत नाजूक जागा म्हणजे खाडीचे तोंड. तेथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात व परतणाऱ्या होडीस त्या मागून गाठतात. नाळ दबलेली असेल तर मागील लाट पिछाडी उचलते, नाळ पुढच्या पाण्यात रुतते, आणि होडी तिच्याभोवती गर्रकन फिरून लाटेस आडवी पडते. आडवी पडलेली होडी पुढच्या लाटेला उलटते. म्हणून तोंडाशी येण्यापूर्वी, खोल व मोकळ्या पाण्यातच, नाळेजवळचे ओझे मध्याकडे सरकवावे, तळातील पाणी उपसावे, जाळी बांधून घ्यावीत आणि मोटर बंद पाडणारी दोरी तांडेलाने मनगटास अडकवावी. मग एका लाटेच्या पाठीवर राहून तिच्याच वेगाने आत यावे. बाहेर जाताना समोरून लाटा येतात. तेव्हा नाळ फार उंच असेल तर ती वाऱ्याने बाजूस वळते व प्रत्येक लाटेवरून आपटते. त्या वेळी एक खलाशी थोडा पुढे बसविल्यास होडी मऊ चालते. हे सारे जुन्या तांडेलांना वल्ह्यांच्या दिवसांपासून ठाऊक आहे. मोटर आल्यावर सर्वजण तिच्याभोवती मागे गोळा झाले, आणि ती सवय मागे पडली इतकेच.

उचलीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पुळणीवर लागताना मोटर वेळेवर बंद करून वर घ्यावी व उरलेले अंतर वल्ह्याने काटावे. वर घेताना टोपणाच्या मागील कडेस धरावे. मुठीच्या दांड्यास धरून मोटर उचलू नये. तो त्यासाठी केलेला नाही. वर घेतल्यावर टेकूचा खटका नीट बसला की नाही हे हाताने हलवून पाहावे. फार वेळ वर ठेवावयाची असेल तर इंधनाचा कॉक व टाकीच्या झाकणावरील हवेचा पेच बंद करावा, नाहीतर पेट्रोल गळते. किनाऱ्यावर होड्यांच्या आश्रयाने विडी ओढणारे असतात, हे विसरू नये.

पुष्कळ मोटरींत उथळ पाण्यासाठी अर्धवट उचलीचा एक टेकू असतो. त्यावर मोटर चालवावयाची ती अगदी सावकाश. या स्थितीत दोन गोष्टींचे भान राखावे लागते. पहिली, इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी ओढणारी जाळीदार छिद्रे दांड्याच्या खालच्या भागात असतात. ती पाण्याबाहेर आली की इंजिन काही मिनिटांत तापून जाम होते. म्हणून मागील लहान भोकातून पाण्याची बारीक धार सतत पडत आहे ना, याकडे लक्ष असावे; धार थांबताच मोटर बंद करावी. दुसरी, या स्थितीत रिव्हर्स गिअरमध्ये दांडा खाली धरून ठेवणारा खटका लागलेला नसतो. रिव्हर्समध्ये मूठ जोराने फिरविली तर पंखा स्वतःस वर ओढून पाण्याबाहेर झेपावतो.

नांगरून ठेवलेल्या होडीची मोटर नेहमी वर घेऊन ठेवावी. पाण्यात राहिलेल्या दांड्यावर शेवाळ व कालवे धरतात व धातू खारीने खातो. मोटर होडीवरून काढून घरी नेताना आधी ती उभी धरून आतील सर्व पाणी गळू द्यावे. वाटेत इंजिनाचे डोके पंख्यापेक्षा खाली जाऊ देऊ नये, कारण दांड्यात राहिलेले पाणी इंजिनात उतरते. चार-स्ट्रोकची मोटर आडवी ठेवावयाची असेल तर पुस्तिकेत किंवा टोपणावर दाखविलेली बाजूच खाली असावी. अन्य बाजूस ठेवल्यास तेल सिलिंडरमध्ये शिरते व दुसऱ्या दिवशी मोटर सुरू होत नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात दांडा बुडवून, पाणी ओढणारी छिद्रे पूर्ण पाण्याखाली ठेवून, मोटर पाच-दहा मिनिटे मंद चालवावी. त्याच वेळी पिन व तिची छिद्रे पाण्याने धुऊन ग्रीस लावावे. मिठाने जाम झालेली पिन हातोडीने ठोकून काढावी लागते, आणि एकदा वाकलेली पिन पुन्हा कोणत्याच छिद्रात सुखाने बसत नाही.